आत्याबाईंना बसवलं

मी बार्शीकडची, म्हणून माझ्या सासूबाईंच्या तोंडी माझं नाव 'बार्शी'. "ए बार्शी, जाळ बघ." "बार्शी, ही कणीक मळलीस का चिखल तुडवलास?" शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात सकाळी गिरणीचा भोंगा आधी व्हायचा की आत्याबाईंचा आवाज, हे सांगणं कठीण होतं. मी त्यांना आत्याबाई म्हणे. त्या मनात आलं की मराठी बोलत आणि राग आला की कानडी. त्यामुळे माझं कानडी लवकर सुधारलं.

माझी भाकरी जाड, माझी शेंगाची पोळी कच्ची, माझं सारवण ओबडधोबड. मीही काही गरीब गाय नव्हते. एकाला दोन उत्तरं द्यायची. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात हे आणि माझे धाकटे दीर. दोघांचं भुसाराचं दुकान, आणि दोघेही जन्माचे मुखदुर्बळ. जेवायला बसले की ताटात भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा यायचा. 'वाढ' आणि 'पुरे' या दोन शब्दांवर ह्यांनी माझ्याशी कितीतरी वर्षं संसार केला. त्यामुळे त्या घरात बोलणं म्हणजे आत्याबाईंचं बोलणं, आणि ते बहुतेक माझ्याच नावानं. एखाद्या दिवशी त्या लग्नाकार्याला गावी गेल्या की मला करमत नसे. आईवेगळी वाढलेली मी, मला रागवायला तरी कोणी मिळालं होतं.

त्यांचं पोट वाढायला लागलं तेव्हा आडावरच्या बायकांनी थट्टा केली. या वयात डोहाळे लागले का, म्हणाल्या. आत्याबाई काही कमी नव्हत्या. म्हणाल्या, "ह्या बार्शीनं मला जेवढा ताप दिला, त्यो समदा पोटात साटलाय बगा." सगळ्या हसल्या, मीही हसले. पुढं पोट वाढत गेलं आणि हातपाय वाळत गेले, तेव्हा थट्टा आपोआप थांबली. त्या रात्रभर कुशीवर वळायला धडपडायच्या आणि दिवसा काही झालंच नाही अशा वागायच्या.

वैद्याचे काढे झाले. हे दर अमावास्येला अक्कलकोटला जाऊन मठातला अंगारा आणू लागले. पुडी सोडायची, कपाळाला लावायचा, चिमूटभर पाण्यात घालून द्यायचा. मी अंगाऱ्याला नावं ठेवत नाही. त्या पुडीपुढं माझेही हात जुळत होते. पण पोट काही कोणाचं ऐकेना. शेवटी एक दिवस त्यांना उठून बसता येईना, तेव्हा ह्यांनी टांगा आणला आणि आम्ही त्यांना मिशनच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि ह्यांना बाजूला घेतलं. मी मागं उभी होते. "आत गाठ आहे. पाणीही झालंय. कापल्याशिवाय इलाज नाही, आणि कापूनही मी वचन देत नाही."

"पर बरी हुईल की अव्वा?" ह्यांनी विचारलं. आईला हे अव्वा म्हणत.

"प्रयत्न करू."

ह्यांनी तेवढाच शब्द उचलला. घरी दिरांना सांगताना तो 'बरी होणार' असा झाला होता.

आत्याबाई ऑपरेशनला तयार झाल्या, पण एका अटीवर. आम्ही लिंगायत. आमच्यात लहानपणी गुरू गळ्यात लिंग बांधतो आणि ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. चांदीच्या डबीत, दोऱ्यात ओवलेलं. रोज सकाळी अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, मगच तोंडात पाणी. आत्याबाईंनी डॉक्टरीणबाईंना रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, "पोटातलं काय काढायचं ते काढा. पर गळ्यातलं काढायचं न्हाय. लिंग अंगावरनं गेलं म्हंजे मी गेले."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, वादही घातला नाही. "अंगावरून काढणार नाही," म्हणाल्या.

ऑपरेशनला अवकाश होता. तोवर बायकांच्या दालनात आत्याबाईंना एक लोखंडी खाट मिळाली. दवाखान्यात खाटेला बेड म्हणतात. आमच्या कानडीत 'ब्याड' म्हणजे 'नको'. नर्सबाई म्हणाल्या, "हा तुमचा बेड," तर आत्याबाई मला म्हणतात, "बग, हिलाबी नको झाले मी." त्या नर्सबाई गोऱ्या नव्हत्या, आपल्याकडच्याच होत्या, ख्रिस्ती झालेल्या घरातल्या. हात मऊ होते त्यांचे. रोज सकाळी आत्याबाई खाटेवर टेकून, डाव्या हातावर लिंग घेऊन डोळे मिटत, तेव्हा त्या औषधाची बशी घेऊन लांब उभ्या राहत. पूजा आटोपेपर्यंत पुढं येत नसत.

मग तो दिवस आला. आम्ही तिघं बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसलो होतो. हे अंगाऱ्याची पुडी मुठीत धरून, दीर काडीनं जमीन उकरत, मी नुसती. सकाळी आत नेताना ह्यांनी अव्वाच्या कपाळावर भस्माचे आडवे पट्टे ओढले होते आणि त्या म्हणाल्या होत्या, "बार्शी, शेंगा उनात घालून आलीस का?" मी नाही म्हटलं. "व्हय, म्हाईत होतं मला," एवढं बोलून त्या आत गेल्या. ऊन चढलं. दारातून आया बाहेर आली, पदरानं तोंड पुसत. आम्हाला पाहून लांबूनच म्हणाली, "म्हातारीला बसवलं बगा."

आता इथं थोडं सांगायला हवं. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवा ठेवत नाहीत, बसवतात. भिंतीला टेकवून, मांडी घालून, कपाळाला भस्म लावून. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात. तसंच बसवून मिरवत नेतात आणि तसंच बसतं मातीत ठेवतात. म्हणून आमच्या घरात 'बसवलं' हा शब्द माणसाच्या बाबतीत फार जपून वापरतात. लहान पोराला पाटावर बसवलं असंसुद्धा आत्याबाई म्हणू देत नसत. टेकवलं म्हणायचं, ठेवलं म्हणायचं.

ह्यांनी जो टाहो फोडला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. जन्मभर न बोललेलं सगळं त्यात बाहेर पडलं असावं. दीर उठले ते धोतराचा सोगा सावरत थेट सात रस्त्याच्या दिशेनं पळत सुटले, आमच्या जंगमांना, म्हणजे लिंग देणाऱ्या आमच्या घरच्या गुरूंना, आणायला. मला रडू फुटलं नाही. मनात एकच आलं, आता घरी जाऊन मी भांडू कुणाशी?

आया बिचारी गांगरली. "अवो, रडताय कशाला? बसवलंय म्हंते मी! नीट बसवलंय!" ती जेवढं समजवायला जाई तेवढा ह्यांचा आवाज वाढे. ती बिगर लिंगायत, तिला काय कल्पना! शेवटी नर्सबाई धावत बाहेर आल्या आणि त्यांच्या तोंडून 'जिवंत' हा शब्द आला तेव्हा हे थांबले. विश्वास मात्र बसला नाही. मला म्हणाले, "तू बगून ये."

मी आत गेले, आणि खरं सांगते, जिवंत आहेत असं ऐकून गेलेली मी दारातच थिजले. पाठीमागं लाकडी टेकण आणि उशा लावून त्यांना सरळ बसवलं होतं. मान किंचित एका बाजूला. कपाळावर भस्म तसंच. आणि डाव्या हाताच्या तळव्यावर, पांढऱ्या पट्टीनं नीट बांधलेली, लिंगाची डबी.

नर्सबाईंनी हळू आवाजात सांगितलं. पोटात खराब पाणी होतं, ते खाली उतरावं म्हणून डॉक्टरीणबाई अशा रोग्यांना टेकवून बसवायला सांगतात. आणि गुंगीचं औषध देताना गळ्यातला दोरा नाकावरच्या जाळीत अडकायला लागला. "अंगावरून काढणार नाही असा शब्द दिला होता ना," त्या म्हणाल्या. "रोज ह्या हातावर घेतात ते मी बघते. म्हणून ह्याच हाताला बांधलं." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. दुसऱ्या कोणी इतका विचारही केला नसता. मी फक्त म्हटलं, जागं व्हायच्या आत सोडू या. त्या म्हणाल्या, व्हय, सोडते, आणि पट्टीला हात लावला. तेवढ्यात आत्याबाईंनी डोळे उघडले.

त्यांनी आधी हाताकडं पाहिलं. मग आपण कशा आहोत ते पाहिलं, पाय पुढं, पाठ ताठ. मग समोर. आणि नेमके त्याच वेळी, नको तेवढे झटपट आलेले जंगम हातात बेल, भस्म आणि शंख घेऊन दालनाच्या दारात उभे. त्यांच्यामागं दीर, डोळे सुजलेले. आत्याबाईंच्या तोंडावर भीती आली नाही. उलट सगळं चेहऱ्यावरचं आवळलेलं सुटल्यासारखं झालं. त्यांनी डोळे मिटले.

दुसऱ्या दिवसापासून चमचा चमचा पाणी द्यायला सांगितलं होतं. मी चमचा ओठाला लावला.

"नीर ब्याड," त्या म्हणाल्या. पाणी नको.

"थोडं घ्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"मेलेल्याला पानी कशाला?"

गुंगी होती की ताप होता, की त्यांनी मनाशी काही ठरवलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. त्या शुद्धीत होत्या. आम्हाला ओळखत होत्या. पण एकदा बसवलेलं माणूस पुन्हा उठवू नये, असं त्यांनी धरलं. हे रडकुंडीला आले. अंगारा ओठाला लावला, त्यांनी तोंड फिरवलं. जंगमांना पुन्हा आणलं. ते खाटेशी उभे राहून म्हणाले, "अव्वा, तू जिती हायेस. मी सांगतो की."

आत्याबाई म्हणाल्या, "जित्या मान्साला भेटायला तुमी कवा दवाखान्यात आलाय?"

डॉक्टरीणबाईंनी मांडीत सुईनं पाणी सोडलं. पण जाताना मला म्हणाल्या, "कापलेलं आत्ता तरी ठीक आहे. पण तोंडानं पाणी गेलं नाही तर माझं सगळं काम वाया जाईल. तुमचं ऐकतात का?"

माझं! मला हसू आलं आणि रागही आला. एवढं पोट चिरून घेतलं, एवढं सोसलं, आणि आता एका शब्दापायी ही बाई जीव सोडणार? दोघे पुरुष दाराशी पुतळ्यासारखे उभे. मी त्यांना बाहेर घालवलं, चमचा वाटीत आपटला आणि म्हटलं, "बरं तर. गेलात तर गेलात. मला उद्या घरी लई कामं हायेत. तुमची शेंगा कुटायची उखळी काढून परड्यात टाकते, त्यात कोंबडीला पानी ठेवते."

पापणी हलली.

"शेंगा मी भाजतच न्हाय. कच्च्याच कुटते. पोळीत गूळ दुप्पट घालते. आन् भाकरी तर आता जाडच करणार, कुणाच्या बापाला भीत न्हाय."

"उखळीला हात लावशील तर!" आवाज फाटका होता, पण आवाज होता. "माझ्या आयनं दिल्याली हाय ती. कोंबडी? आमच्या घरात कोंबडी? भ्रष्ट झालीस व्हय गं? कच्च्या शेंगाची पोळी खाऊन माझ्या पोरांची पोटं बिगडतील की! तुला कवा अक्कल येणार?" आणि मग कानडी सुरू झाली. माझ्या माहेरापर्यंत गेल्या. शेजारच्या खाटेवर एक तेलुगू विणकरीण होती, तिला कानडीचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती तोंडावर पदर घेऊन हसायला लागली.

मी होऊ दिलं. दम लागून त्या थांबल्या तेव्हा म्हटलं, "आत्याबाई, जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाय म्हंत्यात. तुमची खोड कुटं गेलीय? तवा गुमान पानी प्या."

त्यांनी माझ्या हातातल्या चमच्याकडं पाहिलं. मग तोंड उघडलं. चमचा थोडा वाकडा गेला आणि पाणी हनुवटीवर ओघळलं. "सांडलंस," त्या म्हणाल्या. "येक काम धड येईल तर शपत."

त्या दिवसाइतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. हे म्हणाले, अंगाऱ्याचा गुण. जंगम म्हणाले, लिंग अंगावरून उतरलं नाही त्याचं फळ. नर्सबाईंनी हात जोडून त्यांच्या देवाचे आभार मानले. मी चमचा धुऊन ठेवला. श्रेय घ्यायला माणसं पुष्कळ होती.

मग काही दिवस फार चांगले गेले. आत्याबाई पेज घेऊ लागल्या. पेज पातळ, पेज घट्ट, पेजेत मीठ नाही. माझी वेणी सैल आहे, माझा पदर खाली लोळतोय, शेजारच्या विणकरणीकडून नेसायला शीक. मी घरी जाऊन भाकरी थापताना एकटीच हसत असे. लिंग पुन्हा गळ्यात आलं होतं आणि पूजा सुरू झाली होती. हे रोज विचारत, "आज काय म्हणाली?" आणि मी त्यांना सगळ्या शिव्या जशाच्या तशा सांगत असे. ऐकताना ह्यांचा चेहरा खुलायचा.

टाके काढायच्या सुमाराला अंग तापू लागलं. जखमेला वास यायला लागला. पट्टी बदलताना नर्सबाई मला बाहेर जायला सांगत, मी जात नसे. एका संध्याकाळी आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. कढत हात.

"बार्शी," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी सुकानं बसले हुते. काईबी दुकत न्हवतं. तू उठीवलंस."

त्यात तक्रार नव्हती. तीच गोष्ट मला फार लागली. मी म्हटलं, "मग काय करू? जाऊ देऊ?" त्यांनी नुसतं मनगट थोपटलं.

डॉक्टरीणबाईंनी ह्यांना खोलीत बोलावलं. गाठ सगळी निघाली नव्हती, आतड्याला धरून बसली होती. ती पुन्हा वाढणार, आणि त्याआधी हा ताप. बाहेर येऊन एवढं सांगितल्यावर हे मला म्हणाले, "मी अक्कलकोटला जाऊन येतो. या वेळी तिथंच राहून पारायण करतो." मी अडवलं नाही. त्यांना हात-पाय हलवायला काहीतरी हवं होतं. माझ्यासाठी खाट होती, पेज होती, पट्ट्या होत्या. त्यांच्यासाठी काय होतं?

हे गेले आणि आत्याबाई बोलायच्या थांबल्या. पुढं केलं ते खात, दिलं ते पीत, उजवीकडं वळा म्हटलं की वळत. नर्सबाई म्हणाल्या, किती शहाण्यासारखं वागतात. मला ते शहाणपण बघवेना. एकदा पेज अळणी नेली. त्यांनी संपवली. दुसऱ्या दिवशी खारट केली, इतकी की चाखताना माझंच तोंड वाकडं झालं. तीही घेतली. मी मुद्दाम भस्माचा पट्टा तिरका ओढला. पदर जमिनीवर लोळवत त्यांच्यासमोरून चार वेळा गेले. त्या बघत होत्या, पण बोट उचललं नाही.

मग मी घरी शेंगाची पोळी केली. दाणे भाजले नाहीत, गूळ वाटेल तसा घातला, एका बाजूनं करपू दिली. त्यांना पोळी झेपणार नव्हती, ते मला माहीत होतं. मला त्यांना खाऊ घालायचीच नव्हती. एवढं पाहून कोणतीही सासू उठून बसली असती. मी पानात ठेवून त्यांच्या तोंडाशी नेली आणि म्हटलं, "तुमच्या उखळीत कुटल्यात शेंगा. बगा तरी."

त्यांनी चिमटीएवढा तुकडा जिभेवर ठेवला. चावला नाही, नुसता धरला. कच्च्या दाण्याचा वास मला उभ्या उभ्या येत होता.

"ग्वाड झालीया गं," त्या म्हणाल्या. "लई चांगली केलीस. माझी बार्शी लई गुणाची."

मी पान खाली ठेवलं आणि व्हरांड्यात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. विणकरीण भिंतीला धरत धरत माझ्या मागं आली. तिनं तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "म्हातारी चांगला बोलला ना? मग का रडतो?" आत जाऊन मी आत्याबाईंच्या ओठावरचा तुकडा पुसून काढला. मग दुकानावर निरोप धाडून दिरांना बोलावलं आणि म्हटलं, अक्कलकोटला जा. ह्यांना म्हणावं, पारायण राहू दे, मिळेल त्या गाडीनं या.